ऐकणे आणि ऐकून घेणे

पुण्याहून मिरजेकडे जाणारी आगगाडी नीरा नदीचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात लोणंद येते. बहुतेकांस हे गाव कांद्याच्या बाजारामुळे ठाऊक असते, वारकऱ्यांस पालखीच्या मुक्कामामुळे. आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पादुकांना नीरेचे स्नान घडते, पालखी पुणे जिल्हा मागे टाकते आणि लोणंदास विसावा घेते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र या ठिकाणी आणखी एका कारणाने थबकावेसे वाटते. आज नीरा दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते. १८१९ नंतर काही काळ ती दोन राज्यांच्या मधून वाहत होती. नदीच्या दक्षिणेस सातारकर छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे राज्य आणि उत्तरेस कंपनी सरकारचा मुलूख. लोणंद ज्या तालुक्यात मोडते त्या खंडाळ्याचीही एक गंमत आहे. महाबळेश्वरची थंड हवा इंग्रजांना हवीशी झाली तेव्हा, १८२९ साली, महाराजांनी ती जागा कंपनीस दिली आणि मोबदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव घेतले. सौदा कोणाच्या लाभाचा झाला हे सांगावयास इतिहासकाराची गरज नाही.

सीमा म्हटली की चौक्यापहारे, जकात आणि तोफा डोळ्यांपुढे येतात. या सीमेची खरी तटबंदी मात्र कागदावर होती, आणि ती माणसांच्या बोलण्याभोवती घातलेली होती. २५ सप्टेंबर १८१९ रोजी कंपनीने महाराजांशी जो तह केला, त्याचे पाचवे कलम वाचण्यासारखे आहे. परकीय सत्तांशी महाराजांनी संबंध ठेवू नये, एवढेच सांगून ते थांबत नाही. तहाने जे त्यांच्या अंमलाखाली आलेले नाहीत असे सरदार, जहागीरदार, कारभारी, किंबहुना कोणत्याही प्रकारचा कोणीही मनुष्य, यांच्याशी त्यांनी कसलाही व्यवहार ठेवू नये, असे ते सांगते. सोयरीक जमवावयाची म्हटली आणि तीसाठी बाहेरच्या कोणाशी बोलणे अवश्य झाले, तर तेही पोलिटिकल एजंटाच्या मार्फतच झाले पाहिजे. हे कलम तहाचा पाया आहे आणि ते मोडल्यास तहाने मिळालेले सर्व लाभ जातील, अशी तंबीही सोबत जोडलेली आहे.

मांडलिक राजाच्या तहात असे कलम असावयाचेच, यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु त्याच सुमारास, १८१८ साली, कंपनीने उदेपूर, जोधपूर वगैरे राजपूत संस्थानिकांशी तह केले, त्यांत राजाने आपल्या इष्टमित्रांशी व आप्तांशी नेहमीचा स्नेहाचा पत्रव्यवहार चालू ठेवण्यास हरकत नाही, असे स्पष्ट लिहिलेले आढळते. राजपुतास जी मोकळीक मिळाली ती शिवछत्रपतींच्या वंशजास मिळाली नाही. त्याचे कारण उघड आहे. मराठी राज्य नुकतेच बुडाले होते आणि साताऱ्याच्या गादीभोवती माणसे पुन्हा गोळा होतील ही भीती एल्फिन्स्टनच्या मनातून गेलेली नव्हती. म्हणून लोणंदचा कुणबी नीरेच्या काठी उभा राहून पैलतीरावरच्या पाहुण्यास हाक मारू शके. लोणंदच्या राजास ती सोय नव्हती. त्याने मारलेली हाक तहाचा भंग ठरली असती. आणि जेथे बोलणे हाच गुन्हा ठरतो, तेथे चोरून ऐकणे हे राज्यकारभाराचे अंग होऊन बसते.

आपल्या भाषेने या विषयाचा विचार फार पूर्वीपासून केलेला दिसतो. एकांत या अर्थाचा अरबी शब्द आपण घेतला आणि त्याचे ‘खलबत’ केले. राजवाड्यांत सदरेहून वेगळा खलबतखाना असे. सदरेवर बोलावयाचे ते सर्वांनी ऐकावे म्हणून, खलबतखान्यात बोलावयाचे ते कोणी ऐकू नये म्हणून. कानोसा घेणे, कान लावणे, कानगोष्ट करणे, कान भरणे, कान फुंकणे, असे कितीतरी वाक्प्रचार आपल्याकडे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना थोडासा वाईट वास आहे. पण आम्हांस सर्वांत बोलका वाटतो तो ‘हलक्या कानाचा’ हा प्रयोग. राजाने हेर ठेवले म्हणून आपल्या लोकांनी त्यास कधी बोल लावला नाही. बहिर्जी नाइकाचे नाव आपण कौतुकानेच घेतो. बोल लावला तो हेराने आणलेले न पारखता खरे मानणाऱ्या धन्यास.

याच पारखीविषयी कौटिल्याने जे लिहून ठेवले आहे ते पुढील हकीकतीच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अर्थशास्त्राचा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केला. आपल्या हकीकतीतील कोणाही माणसास तो वाचावयास मिळणे शक्य नव्हते. कौटिल्य हा काही हळव्या मनाचा ग्रंथकार नव्हे. संन्यासी, व्यापारी, विद्यार्थी, भिक्षुकी अशा नाना वेषांतले हेर तो राज्यभर पसरतो. मसलतीची जागा अशी असावी की पक्ष्यांनाही आत डोकावता येऊ नये, असे तो सांगतो; पोपट, मैना आणि कुत्री यांच्यामुळे मसलती फुटल्याचे ऐकिवात आहे, अशी पुस्तीही जोडतो. अमात्यांची निष्ठा पाहण्यासाठी त्यांच्याकडे माणसे पाठवून त्यांना मुद्दाम फितुरीचा मोह घालावा, हीही युक्ती त्याचीच; तिला तो उपधा म्हणतो. परंतु एवढा कठोर राजनीतिज्ञ दोन ठिकाणी हात आखडता घेतो. एक, या परीक्षेत राजास किंवा राणीस लक्ष्य करू नये, आणि निर्मळ मनास अशा तऱ्हेने विष कालवून पाहणे धोक्याचे आहे, कारण बिघडलेले मन पुन्हा ताळ्यावर येईलच असे नाही. दोन, एका हेराने आणलेली बातमी ही बातमी नव्हे. एकमेकांस न ओळखणारे तीन हेर जेव्हा एकच गोष्ट सांगतील तेव्हाच तीवर विश्वास ठेवावा.

आता साताऱ्याकडे वळू. प्रतापसिंह महाराज हे कर्तबगार राजे होते, याविषयी त्यांच्या शत्रूंचेही दुमत नव्हते. आष्टीच्या लढाईत, फेब्रुवारी १८१८ मध्ये, ते पेशव्यांच्या छावणीतून इंग्रजांच्या हाती आले तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. ग्रँट डफ याने एजंट या नात्याने त्यांना कारभाराचे पाठ दिले आणि १८२२ साली राज्य त्यांच्या स्वाधीन झाले. रस्ते, पाठशाळा, पाणीपुरवठा यांत त्यांनी मन घातले. त्यांचा कारभार पाहून कंपनीच्या लंडनच्या डायरेक्टरांनी १८३५ च्या अखेरीस त्यांना प्रशंसेचे पत्र आणि रत्नजडित तलवार पाठविली. ती तलवार मुंबई सरकारने महाराजांस दिलीच नाही. कारण तोवर मुंबईचे आणि त्यांचे बिनसले होते. फलटण, अक्कलकोट, जत, पंतप्रतिनिधी, पंतसचिव अशा जहागिरी कोणाच्या हुकमतीखाली, हा तो तंटा. महाराज तहाची कलमे काढून दाखवीत. मुंबईस ते रुचत नसे. सरकारचे आपल्याशी असलेले कलम वाचून दाखविणारा मांडलिक कोणत्या सरकारास आवडला आहे?

अशा वेळी, १८३६ च्या पावसाळ्यात, साताऱ्याच्या छावणीतील तेविसाव्या पलटणीच्या एका हिंदी अंमलदाराने आपल्या वरिष्ठास कळविले की, अंताजी नावाचा एक ब्राह्मण आपणास फितविण्याचा यत्न करीत असून तो महाराजांचे नाव घेतो. त्या वेळी साताऱ्यास कर्नल लॉडविक रेसिडेंट होता. महाबळेश्वरी लॉडविक पॉइंटवर ज्याच्या नावाचा स्तंभ आहे तोच हा. ही बातमी त्याच्या कानी गेली. आता अंताजीस पकडून तपास करणे हा एक मार्ग होता. महाराजांस बोलावून विचारणे हा दुसरा. तिसराच मार्ग पत्करण्यात आला. फितल्याचे सोंग करून हे प्रकरण पुढे चालू द्यावे, असे ठरले. शिवगुलामसिंग आणि गुलजार मिसर हे दोन सुभेदार रेसिडेंटाच्या जाणिवेने व संमतीने दिवाण गोविंदरावांस भेटले आणि अखेरीस खुद्द महाराजांच्या भेटीस जाऊन आले. तेथे काय बोलणे झाले ते त्यांनी परत येऊन सांगितले. समय येताच पलटणीने इंग्रजांची बाजू सोडावी असे महाराज बोलले, हा त्या सांगण्याचा मथितार्थ.

येथे क्षणभर थांबावयास पाहिजे. हे सुभेदार पडद्याआड उभे राहून ऐकत नव्हते. महाराजांच्या समोर बसून ऐकत होते. म्हणून यास चोरून ऐकणे म्हणावे की नाही, असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यांनी काढला होता. आमच्या मते पडद्याआडचा माणूस तरी बरा. तो जे बोलणे ऐकतो ते त्याच्या असण्याने बदललेले नसते. समोर बसून दुसऱ्याचा कान झालेला माणूस मात्र प्रश्न विचारतो, माना डोलावतो, बोलणाऱ्यास पुढे पुढे नेतो, आणि मग जे बाहेर पडते ते केवळ त्या बोलणाऱ्याचे असे परत येऊन सांगतो. त्या संभाषणातील निम्मे शब्द कोणाचे होते हे तेथे गैरहजर असलेल्यास कधीच कळत नाही.

आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे या प्रकरणावर लिहिणाऱ्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे आम्हांस वाटते. महाराजांची भाषा मराठी. सुभेदार त्यांच्या नावांवरून उत्तर हिंदुस्थानातले दिसतात. त्यांची भाषा हिंदुस्थानी. कागदपत्र झाले ते इंग्रजीत. एखादे वाक्य एका भाषेत उच्चारले जावे, दुसरीत लक्षात राहावे आणि तिसरीत लिहिले जावे, एवढ्या प्रवासात ‘असे झाले तर’ याचे ‘असे करू’ होण्यास वेळ लागत नाही. महाराजांच्या मनात कंपनीविषयी राग होता यात शंका नाही. त्यांना तो असावयास कारणही होते. राग बोलून दाखविणे आणि राजद्रोह योजणे यांतला फरक बहुधा क्रियापदाच्या एका रूपात असतो, आणि भाषांतरात पहिला बळी जातो तो क्रियापदाच्या रूपाचाच. हे आम्ही जन्मभर इंग्रजीचे मराठी आणि मराठीचे इंग्रजी करून घेतलेल्या मास्तरकीच्या अनुभवावरून सांगतो.

ऑक्टोबर १८३६ मध्ये मुंबई सरकारने गुप्त चौकशीसाठी कमिशन नेमले. त्यात तीन सभासद होते: सरकारचे चिटणीस विलोबी, कर्नल ओव्हान्स आणि स्वतः लॉडविक. म्हणजे ज्याच्या संमतीने कान पाठविले गेले तोच त्या कानांनी आणलेले तोलावयास बसला. दोघे सुभेदार एकाच पलटणीचे, एकमेकांचे सोबती, बरोबरच गेलेले आणि बरोबरच सांगणारे. कौटिल्याच्या कसोटीने ते दोन साक्षीदार नसून एकच होत. अंताजी स्वतः जिवाच्या भीतीने बोलणारा. बंद दाराआड चाललेल्या या चौकशीत आपल्याविरुद्धचा पुरावा नीट पाहण्याची आणि खोडण्याची संधी आपणांस मिळाली नाही, ही महाराजांची तक्रार अखेरपर्यंत कायम राहिली. आरोपांच्या नकला द्या, उघड चौकशी करा, तीत मी दोषी ठरलो तर जी शिक्षा कराल ती भोगीन, हे मागणे त्यांनी पुनःपुन्हा केले.

पुढली दोन वर्षे म्हणजे कागद जमविण्याचा काळ. १८३७ साली लॉडविक गेला आणि ओव्हान्स रेसिडेंट झाला. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केल्याचे आणखी दोन आरोप पहिल्यास येऊन मिळाले. दिवाण गोविंदरावांस अहमदनगरास कैदेत ठेवण्यात आले आणि काही महिन्यांनी तेथून त्यांचा कबुलीजबाब आला. त्यांच्या मातोश्री गिरजाबाई यांच्या नावाचा एक अर्ज सरकारकडे पोचला होता, त्यात महाराजांच्या कटाची वाच्यता होती. तो त्या बाईंनी लिहिलेलाच नव्हता. कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या गृहस्थाने तो आपण लिहिल्याचे पुढे कबूल केले आणि आपल्या श्रमाचा मोबदलाही मागितला. ऐकून सांगणाऱ्यास पैसे मिळतात असे एकदा गावात झाले की न ऐकताच सांगणारे कसे निपजतात, याचे याहून उत्तम उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. बाळाजीपंत नातूंच्या मंडळीचा या सर्वांत किती हात होता, यावर महाराष्ट्रात पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. नातूंवर सर्व खापर फोडण्याची आपली सवय आम्हांस फारशी पसंत नाही. बातमी विकणारा दोषी खराच. पण दुकान मांडणारा आणि गिऱ्हाईक हे दोघेही एकच सरकार होते, हे त्या सवयीमुळे झाकले जाते.

महाराज सर्वस्वी निर्दोष होते काय? गोव्याकडे त्यांच्या पदरच्या माणसांची काहीच ये-जा नव्हती असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. तहाचे पाचवे कलम अक्षरशः लावले तर कोणताही जिवंत मनुष्य ते न मोडता वीस वर्षे राज्य करू शकला नसता. खुद्द डायरेक्टरांना १८३८ साली असे वाटले की हे प्रकरण पुढे चालविण्यात सरकारची शोभा नाही. तरीही ते चालले. ऑगस्ट १८३९ मध्ये नवे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक साताऱ्यास आले आणि त्यांनी महाराजांपुढे तडजोड ठेवली. तहापासून आपण ढळलो हे मान्य करून नव्या अटींवर सही करावी, म्हणजे मागचे विसरले जाईल. राज्य राखावयास एक सही पुरेशी होती. महाराजांनी ती केली नाही. ५ सप्टेंबर १८३९ च्या सुमारास त्यांना रातोरात साताऱ्याबाहेर नेण्यात आले, त्यांचे बंधू आप्पासाहेब शहाजी यांना गादीवर बसविण्यात आले, आणि महाराजांची रवानगी काशीस झाली. तेथेच १४ ऑक्टोबर १८४७ रोजी त्यांचा अंत झाला. पुढल्याच वर्षी शहाजी महाराज वारले, त्यांचे दत्तविधान डलहौसीने अमान्य केले आणि नीरेच्या दोन्ही तीरांवर एकच अंमल सुरू झाला.

ज्यांनी हे केले ते इंग्रज होते आणि इंग्रजांच्या घरचा कायदा या बाबतीत काय सांगत होता हे पाहणे मनोरंजक आहे. ब्लॅकस्टनच्या इंग्लिश कायद्यावरील टीकेच्या चौथ्या खंडात, म्हणजे १७६९ साली, दुसऱ्याच्या भिंतीशी, खिडकीशी किंवा वळचणीखाली उभे राहून आतले बोलणे ऐकणाऱ्यास गुन्हेगार म्हटले आहे. इंग्रजीत त्या माणसास जे नाव आहे तेच मुळी पागोळीवरून पडलेले आहे. पावसाळ्यात छपराचे पाणी जेथे ठिबकते त्या पट्टीत जो उभा राहतो तो. जावळीच्या किंवा मेढ्याच्या घरांच्या पागोळ्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला ही कल्पना चटकन समजेल. पण ब्लॅकस्टन नुसत्या ऐकण्यावर थांबत नाही. ऐकून त्यावर कुटाळीच्या व उपद्रवी कहाण्या रचणे, हा त्याच्या व्याख्येचा उत्तरार्ध आहे. इंग्लंडात हा गुन्हा १९६७ पर्यंत कायद्यात टिकून होता. साताऱ्याच्या राजवाड्याच्या वळचणीस तो लागू नव्हता, एवढेच.

महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते हे १८४० च्या सुमारास लंडनास पोचले आणि १८५३ पर्यंत तेथे राहिले. मध्यंतरी, १८४४ साली, लंडनात मोठे वादळ उठले. इटलीचा देशभक्त मॅझिनी तेथे आश्रयास होता. आपली पत्रे टपालात फोडून वाचली जातात असा संशय येऊन त्याने तसे सिद्ध केले, आणि गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या हुकुमाने ती फोडली जात होती हे उघडकीस आले. पार्लमेंटात डंकोम्बने प्रश्न केला, कार्लाइलने ‘टाइम्स’ला पत्र लिहिले, कमिट्या बसल्या. परक्याचे खासगी पत्र वाचणे हे इंग्रजी स्वभावास शोभत नाही, असे जो तो म्हणू लागला. त्या दिवसांत रंगो बापूजी त्याच शहरात, बगलेत साताऱ्याचे कागद घेऊन, कंपनीच्या भागीदारांच्या सभांचे उंबरठे झिजवीत होते. त्या वर्तमानपत्रांकडे पाहून त्यांना काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. त्यांना कोणी साहाय्य केले नाही असे मात्र नव्हे. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्सन यांनी हे प्रकरण लावून धरले, आणि नवल असे की, ज्याने सुभेदारांना पुढे जाऊ दिले होते त्या लॉडविकनेही इंग्लंडात गेल्यावर महाराजांची बाजू उघडपणे घेतली. कमिशनवर बसलेला एक न्यायाधीश स्वतःच्या निकालाविरुद्ध साक्ष देतो, हे दृश्य विरळा. त्याचा उपयोग काही झाला नाही.

हे सर्व जुने झाले असे म्हणावे, तर तसेही म्हणवत नाही. लोणंदवरून रेल्वे गेली तेव्हा तिच्या रुळांच्या कडेने तारेचे खांबही गेले. तो काळ आणि हिंदुस्थानचा १८८५ चा तारांचा कायदा, हे जवळजवळ बरोबरचे. सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडविण्याचा अधिकार त्या कायद्याच्या पाचव्या कलमाने सरकारास दिला. (पाचव्याच कलमाने, हा योगायोग.) तारेमागून टेलिफोन आला, राज्य परक्यांचे गेले आणि स्वकीयांचे आले, कलम होते तेथेच राहिले. राजकारणी पुढाऱ्यांचे टेलिफोन ऐकले गेल्याची माहिती बाहेर आल्यावर १९९१ साली नागरी हक्कांच्या एका संघटनेने सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने टेलिफोनवरील बोलणे हा माणसाच्या खासगी जीवनाचा भाग मानला आणि नियम घालून दिले. हुकूम गृहखात्याच्या सचिवाचाच हवा, तो दोन महिनेच चालेल, वाढविला तरी सहा महिन्यांपलीकडे जाणार नाही, आणि एक समिती त्याची फेरतपासणी करील. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ साली संसदेने १८८५ च्या कायद्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा केला.

हे नियम चांगले आहेत, आणि १८३६ साली त्यांतला एकही नव्हता. तथापि साताऱ्याची हकीकत वाचलेल्या माणसाच्या मनात एक शल्य राहते. १९९६ च्या निकालाने नेमलेली फेरतपासणीची समिती सरकारच्या सचिवांचीच. हुकूम देणारे सचिव आणि तपासणारेही सचिव. ज्याचे बोलणे ऐकले गेले त्यास ते कळविण्याची तरतूद त्या नियमांत नाही. मग ‘मी तसे बोललो नव्हतो’ असे त्याने म्हणावे तरी कोणापुढे? मराठीत ऐकणे आणि ऐकून घेणे असे दोन निरनिराळे प्रयोग आहेत. महाराजांचे बोलणे कंपनीने ऐकले होते. त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावयास मात्र तिने कधी वेळ काढला नाही. राज्य गेले ते पहिल्या क्रियेने नव्हे, दुसरीच्या अभावाने, असे आमचे मत झाले आहे. चोरून ऐकलेले शब्द जर महाराजांपुढे उघडपणे ठेवले गेले असते आणि त्यांस त्या सुभेदारांना चार प्रश्न विचारू दिले असते, तर कदाचित ते दोषी ठरले असते, कदाचित नसते. पण आज आपणांस निदान काहीतरी निश्चित सांगता आले असते. आता या प्रकरणाचे जाडे जाडे ग्रंथ पार्लमेंटाने छापलेले आहेत. त्या भेटीत महाराज काय बोलले ते त्यांत सुभेदारांच्या तोंडून, इंग्रजीत, वाटेल त्याने वाचावे. महाराजांचे मराठी वाक्य त्यांत नाही.

रंगो बापूजींचे सांगावयाचे राहिले. लंडनात चौदा वर्षे घासून ते रिक्त हस्ते परतले. ज्यांनी आपले ऐकून घेतले नाही त्यांच्याशी यापुढे बोलावयाचे नाही, असे त्यांनी ठरविलेले दिसते. १८५७ साली साताऱ्याकडे उठावाची तयारी झाली तीत त्यांचा हात होता. पण जुनाच प्रकार पुन्हा घडला. जूनमध्ये मानसिंग नावाच्या रजपुताने पलटणीतील शिपायांशी बोलणे लावले, ते बोलणे वर पोचले आणि मानसिंग फासावर गेला. मग धरपकड सुरू झाली. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी निसटले. सरकारने त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावले, खबऱ्यांना गावोगाव फिरविले. ते कोठे गेले, कोणाच्या घरी राहिले आणि केव्हा वारले, हे सरकारास अखेरपर्यंत कळले नाही.